नाताळची शिवी

रॉचडेल, २७ डिसेंबर १८७७

एनॉक,

तुझी शिवी पोचली.

नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे जेवणघरात जवाची पेज खात बसलो होतो. तेवढ्यात गाडीवाला टोपली घेऊन आला. मिसेस ग्रिमशॉ म्हणजे आमच्या या दारूबंदीवाल्यांच्या लॉजिंगची स्वयंपाकीण. ती टोपली उचलून दारातूनच ओरडली, "बाई, आली हो तुमच्या भावाची शिवी! यंदा चांगली जड आहे!" अख्ख्या जेवणघराने ऐकलं. हडर्सफील्डहून आलेले एक पाद्रीबुवा पेज पिता पिता ठसकले.

मी मांस सोडून बावीस वर्षं झाली. तुला हे माहीत आहे, साऱ्या लँकेशायरला माहीत आहे, भिंतीभिंतीवर माझ्या नावाची पत्रकं लागतात. आणि तू दर नाताळला मला कणकेच्या कवचात भाजलेली, डुकराच्या मांसाने गच्च भरलेली पाई पाठवतोस! वर कणकेचं कोकरूही बसवतोस. ते कशाला रे? आपल्या दारूच्या दुकानाच्या पाटीवर तीन कोकरं आहेत म्हणून? की मी सभेत उभी राहिले की मागच्या बाकावरून 'तीन कोकरांची पोरगी आली रे' अशी आरोळी उठते, ते तुझ्या कानावर गेलंय? यंदाच्या कोकराला तर टोपी होती. माझ्या टोपीसारखी, हनुवटीखाली फीत बांधलेली. हात तुझ्या बायकोचा, मार्थाचा असेल, पण डोकं तुझंच. लहानपणी मी देवळात प्रार्थना म्हणत असताना माझ्या मानेत गवत घालायचास, तेच हे डोकं.

पाई मिसेस ग्रिमशॉच्या घरी गेली, दरवर्षी जाते तशी. तिच्या नवऱ्याने तुला उदंड आयुष्य चिंतलंय. कोकरू तेवढं मी ठेवून घेतलं. खाल्लं नाही, कणीक चरबीत मळलेली असते हे मला न कळायला मी काही शहरात जन्मले नाही. खिडकीत ठेवलंय.

टोपलीत चिठ्ठी नव्हती. दरवर्षी मी गवत उपसून तळापर्यंत बघते आणि दरवर्षी नसते. चार ओळी खरडायला काय जातं तुझं? आईला पुरलं त्या दिवसापासून तू मला एक अक्षर लिहिलेलं नाहीस. ठीक आहे, मी मर्तिकाच्या पंगतीतून हॅमची, त्या खारवलेल्या डुकराच्या मांसाची, ताटं उचलून परत आत नेली. आपल्या खोऱ्यात हॅम न वाढता पुरलं म्हणजे माणूस बेवारशासारखं पुरलं, हे मलाही कळतं. पण मला जे पाप वाटतं ते मी आईच्या नावाने वाढू देणार नव्हते. तू साऱ्या गावासमोर म्हणालास, "आई तुझी एकटीची नव्हती, ताई." मी म्हणाले, "मग या उंबरठ्यावर मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही." ठेवलं का? नाही. शब्द म्हणजे शब्द. मी तेव्हाही बरोबर होते आणि आजही आहे.

पण बरोबर असूनही माणसाला घरची आठवण येते, त्याला काय करायचं ते सांग.

तुझी बहीण,
तबिथा


बेकप, १५ जून १८७८

एनॉक,

काल व्हिटसनच्या सणाच्या मिरवणुकीत तू मला पाहिलंस. मीही तुला पाहिलं. आता पाहिलंच नाही असं सोंग करून काय उपयोग?

आपल्या होल्डन क्लफ गावावरून मिरवणूक न्यायची हे मी ठरवलं नव्हतं, देवाशपथ. वरच्या रस्त्यावर पूल दुरुस्त करताहेत म्हणून आमच्या दारूबंदी मंडळाने वाट बदलली. निशाणाचा एक बांबू माझ्या हातात होता, दुसरा आमच्या मंडळातल्या त्या उंच लुसीच्या. निशाणावर काय लिहिलंय तेही तू वाचलं असशील, 'दारूचा पेला म्हणजे घराचा काळ.' आणि ते निशाण घेऊन आम्ही नेमकं कुठे थांबावं, तर तीन कोकरांच्या दारात! बँडवाल्याच्या तुतारीत काहीतरी अडकलं आणि सगळी मिरवणूक उन्हात उभी राहिली.

मला वाटलं आता तुझी गिऱ्हाईकं काहीतरी फेकून मारणार. मागच्या महिन्यात बर्नलीला माझ्या अंगावर आतड्याचा तुकडा आला होता, टोपीला चिकटून बसला. म्हटलं, खाणाऱ्यालाही नको झालंय वाटतं! लोक हसले आणि मग ऐकायला लागले. पण तुझ्या दारातून कुणी काही फेकलं नाही. तू बाहेर आलास, उंबरठ्यावरच थांबलास. मार्था बादलीभर पाणी आणि पेले घेऊन पोरांमध्ये शिरली. तू नुसता बघत होतास. मग म्हणालास, "दमलीस वाटतं."

मी म्हणाले, "चालतेय."

आणि तुतारी वाजली. इतक्या वर्षांनी बोललो आणि एवढंच. रस्ता केवढा तो, पाच पावलं नसेल. वळणापर्यंत मी मागे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर बांबू सुटला असता. लुसी म्हणाली, "तुम्हाला ऊन लागलंय का?" म्हटलं, हो बाई, ऊनच लागलंय.

तू फार जाड झालायस. की सुजलायस? मला नीट दिसलं नाही. तू कठड्याला धरून उभा होतास. तुला कठड्याला धरून उभं राहायची सवय नाही.

मागच्या अंगणातली आईची रुबार्ब, ती आंबट देठांची, अजून येते का? भिंतीवरून पानं दिसली मला. आमच्या लॉजिंगमध्ये रुबार्ब उकडतात ती दोऱ्या उकडल्यासारखी. आई आलं घालायची. आणि पावाच्या भट्टीला पाठ लावून आपण दोघं बसायचो, तू तिकडून, मी इकडून, ती जागा आहे का अजून? गादी इथे कायम ओली. मी रोज सभेत सांगते की घर म्हणजे पवित्र जागा, आणि परत येऊन या ओल्या गादीवर निजते. हसू नकोस.

परवा एका विणकरणीने मला चांगलंच गप्प केलं. मी म्हणत होते, मांस सोडा, प्रकृती सुधारेल. ती उठून म्हणाली, "बाई, आम्ही आठवड्याचे सहा दिवस तुमच्याच धर्मात असतो. सातव्या दिवशी तरी आम्हाला पापी होऊ द्या!" सभा हसून लोळली. मीसुद्धा हसले. तू असतास तर तिला फुकट पाजली असतीस.

लिही रे. नाही जमत तर मार्थाला सांग.

तबिथा


रॉचडेल, २४ डिसेंबर १८७८

एनॉक,

काय झालंय तुला?

टोपली आत्ता आली. मिसेस ग्रिमशॉने नेहमीसारखी आरोळी ठोकली, मी नेहमीसारखी रागावले. तिने घरी न्यायला म्हणून सुरी घालून दोन तुकडे केले आणि आत वाकून पाहिलं. म्हणाली, "बाई, इकडे या जरा."

आत बटाटा होता. बटाटा, कांदा आणि लोणी. मांसाचा कण नाही. कणीकसुद्धा लोण्यात मळलेली, मी चाखून पाहिली. वर कोकरू नव्हतं. साधी, गोल, शहाणी पाई.

मिसेस ग्रिमशॉ म्हणाली, "चला, सुधारला तुमचा भाऊ! देव पावला!" तिला काय कळतंय! तू मला चिडवायचं सोडलंस? वेड्या, धडधाकट असताना तू माझ्याशी असं गोड कधी वागलायस? बाप गेला त्या हिवाळ्यात तुला गोवर झाला होता, आठवतं? तेव्हा तू स्वतःहून मला तुझी लाकडी गाडी दिलीस. मी आईला जाऊन म्हणाले होते, एनॉक मरतोय वाटतं.

मी ही पाई खाऊ शकते. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या हातचं काही मला खाता येईल असं आलंय. आणि मी ती तशीच ठेवून तुला लिहायला बसलेय.

उलट टपाली कळव. मार्था, तू हे वाचत असशील तर तू कळव. त्याला विचारत बसू नकोस.

तबिथा


रॉचडेल, ९ जानेवारी १८७९

एनॉक,

मार्थाचं पत्र मिळालं. म्हणजे काळजाला पाणी लागलंय, पाय सुजलेत, जिना उतरवत नाही आणि डॉक्टर मान हलवतो. आणि हे सप्टेंबरपासून! सप्टेंबरपासून मी गावोगाव लोकांना त्यांच्या तब्येती सांगत फिरतेय आणि माझ्या सख्ख्या भावाची मला गंधवार्ता नाही.

मार्था लिहिते, तू पाईच्या वेळी म्हणालास, "यंदा ताईला खाता येईल असं काहीतरी पाठव. पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं." असं बोलतात का रे?

आता मी काय सांगते ते नीट ऐक आणि हट्ट करू नकोस. तुला खुर्चीत बसवून रस्त्यापलीकडे मिसेस हॅवर्थच्या घरी नेऊ दे. चार माणसं पुरतील, तुझ्या दुकानात बसलेलीच असतात. तिथे मी येते, राहते, सगळं करते. पेज करीन, अंग पुसेन, तुझी बडबड ऐकून घेईन. फक्त त्या दारातून बाहेर ये.

का ते तुला माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्या मंडळाचा नियम आहे, कोणताही वक्ता, कोणत्याही कारणाने, जिथे दारू विकली जाते त्या जागेत पाऊल टाकणार नाही. टाकलं तर नाव कायमचं कमी. चार वर्षांपूर्वी आमचा एक वक्ता पावसात भिजला म्हणून एका दारूच्या दुकानात शिरला, चहा पिऊन बाहेर आला. बिचारा रडत सांगत होता, चहाच प्यालो. तेव्हा मीच उभी राहिले आणि म्हणाले की या नियमात 'कोणत्याही कारणाने' हे शब्द घाला, म्हणजे पळवाट उरणार नाही. एकमताने घातले. टाळ्या पडल्या मला.

वसंतात मँचेस्टरच्या मोठ्या सभागृहात माझं भाषण आहे. पाच हजार लोक. मंडळात बाईला ही संधी पहिल्यांदाच मिळते आहे. सेक्रेटरी मिस्टर क्रॉशॉ यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मिस ऑर्मरॉड, भाऊ आजारी आहे, दुःख आहे, पण लोकांचं तुमच्या पावलांवर लक्ष आहे." जणू मला माझी पावलं ठाऊक नाहीत.

म्हणून हात जोडते, बाहेर ये. पाच पावलं आहेत. अर्धी तू ये.

तबिथा


तीन कोकरं, होल्डन क्लफ
१७ फेब्रुवारी १८७९

मिस्टर क्रॉशॉ यांस,

वरचा पत्ता वाचून तुमचा चष्मा नाकावरून घसरला असेल तर तो नीट बसवा. पत्ता बरोबर आहे. हे पत्र मी दारूच्या दुकानात बसून लिहिते आहे, त्याच टेबलावर, जिथे संध्याकाळी पेले आपटतात.

तुमच्या कानावर आलं ते खरं आहे. कुणी सांगितलं ते विचारत नाही. सगळा रस्ताच बघत होता. पण सांगणाऱ्याने अर्धंच सांगितलं असेल, म्हणून उरलेलं मी सांगते.

माझा भाऊ घर सोडून बाहेर यायला तयार नव्हता. त्याने निरोप धाडला होता, "मी इथे जन्मलो, इथेच मरणार. तिला सांग, दार उघडं आहे." मी गेले ती रस्त्यावरच उभी राहिले. वरच्या खिडकीजवळ त्याची खाट होती. मी खालून हाक मारली. आतली गिऱ्हाईकं हातातले पेले घेऊन बाहेर आली, समोरच्या घरांतल्या बाया दारात आल्या. आम्ही भावंडं अशी आरडाओरडा करून बोललो. तो वरून, मी खालून.

तो म्हणाला, "ताई, बटाट्याची कशी होती?"

"बेचव!" मी म्हणाले. "मीठ नव्हतं!"

"मग काय पाठवायला हवं होतं?"

"डुकराची, मेल्या! दरवर्षीची!"

हे मी शाकाहाराची प्रचारक तबिथा ऑर्मरॉड भर रस्त्यात ओरडले. तेही लिहून घ्या. लोक हसायला लागले. एनॉकही हसला आणि हसता हसता त्याला ढास लागली. ती थांबेना. मग एकदम थांबली, आणि ते थांबणं मला सोसवेना. मार्था खिडकीत आली, म्हणाली, "ताई..." आणि पुन्हा आत धावली.

मग मी आत गेले. कसल्या भावनेच्या भरात गेले नाही, शुद्धीवर होते. उंबरठा माझ्या डोळ्यांसमोर होता, आईच्या पायांनी मधोमध झिजलेला. ओलांडताना मला नियमाचे शब्द पाठ होते, कारण ते माझेच आहेत. आत गेल्यावर डाव्या हाताला तळघराचा जिना लागतो. माझे वडील दारू पिऊन तिथून पडले आणि मेले. मी बारा वर्षांची होते, एनॉक नऊचा. त्यांना वर आणताना आईने डोकं धरलं, आम्ही एकेक पाय. पुढे मी दारूविरुद्ध भाषणं द्यायला लागले आणि भावाने दुकान चालवलं. लोकांना वाटलं, एक बहीण सुधारली, एक भाऊ वाया गेला. मार्थाने मला त्या दिवशी सांगितलं की आयुष्यभर त्याने स्वतः एक थेंब घेतला नव्हता. डॉक्टरने ब्रँडी लिहून दिली होती, तर म्हणाला, "ताईला काय वाटेल?" माझ्या माघारी, मिस्टर क्रॉशॉ. मी तिकडे रॉचडेलला असताना.

मी राहिले. पेज केली, अंग पुसलं, भट्टीला पाठ लावून बसले. खाली दुकान चालूच होतं, आवाज वर येत होते. मी कुणाला उपदेश केला नाही, तोही तुम्ही माझा गुन्हा धरा. एनॉक एकदा म्हणाला, "ताई, एक मागू? देशील?" मला वाटलं, ब्रँडी मागतोय. तो म्हणाला, "मला हॅमने पुर."

मी म्हणाले, "ते सोडून काहीही माग."

"ते सोडून मला काही नकोय."

मी तोंड फिरवून चादर नीट करत बसले. तो गेला त्या दुपारी त्याचा हात माझ्या हातात होता आणि मी अजून हो म्हटलेलं नव्हतं.

मर्तिकाला सारं खोरं आलं. गिरणीवाले आले, देवळातले आले, माझ्यावर आतडं फेकलं असतं असेही आले. ते सगळे माझ्या हातांकडे बघत होते. मागच्या वेळी मीच ताटं परत नेली होती, हे कुणी विसरलेलं नव्हतं. मार्था स्वयंपाकघरातून म्हणाली, "ताई, तुम्ही बाहेर बसा, मी कापते." मी सुरी तिच्या हातातून घेतली.

हॅम मी कापलं. म्हातारा जोनस दारातून म्हणाला, "पातळ नका कापू बाई, एनॉकचं आहे." मी जाड कापलं. ताटं मी वाढली, एकेकाच्या पुढे जाऊन. मी खाल्लं नाही, पण हात थांबला नाही. बिअर मात्र वाढू दिली नाही, चहा दिला. दोघांनी कुरकुर केली, त्यांना मार्थानेच घरची वाट दाखवली. जाताना जोनसची बायको गेटापाशी कुणाला तरी सांगत होती, "बहिणीनं हॅमनं पुरलं हो एनॉकला." ते ऐकून मी भांडी घासायच्या जागी जाऊन रडले.

आता नियमाचं. 'कोणत्याही कारणाने' हे शब्द खोडू नका. भाऊ मरत होता ही सबब चालवली तर उद्या प्रत्येकाचा भाऊ मरेल. नियम चांगला आहे. माझं नाव खोडा. मँचेस्टरचं भाषण लुसीला द्या, तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो.

दारू हे विष आहे आणि मुक्या जनावराचा जीव घेणं पाप आहे, असं मी आजही मानते. मरेपर्यंत मानीन. फक्त आता तुमच्या व्यासपीठावरून बोलणार नाही.

तबिथा ऑर्मरॉड


रॉचडेल, १० डिसेंबर १८७९

प्रिय मार्था,

तुझं पत्र आणि रुबार्बचं मूळ, दोन्ही पोचलं. मूळ मिसेस ग्रिमशॉच्या परसात लावलंय. तिला ताकीद दिलीय की वसंतात पहिला दांडा उकडायच्या आधी मला विचारायचं.

मी बरी आहे. आता बाजारात लाकडी खोक्यावर उभी राहून बोलते. मंडळ नाही, पत्रकं नाहीत, गाडीभाडं माझं मी भरते. ऐकायला कधी चाळीस माणसं असतात, कधी एक कुत्रं. परवा एकजण ओरडला, "हीच ती, दारूच्या दुकानात शिरलेली!" मी म्हणाले, "हो, शिरले होते. आणि न पिता बाहेर आले. तुला जमेल का ते सांग." सगळी गर्दी त्याच्यावर हसली. घरी येताना वाटलं, हे एनॉकला सांगायला हवं. मग आठवलं. रोज एकदा तरी असं होतं. सांगायला जाते आणि आठवतं.

नाताळ जवळ आला. मिसेस ग्रिमशॉ हल्ली गाडीवाल्याचा आवाज आला की दाराकडे बघते आणि मग उगाच हात पुसत बसते. काल म्हणाली, "यंदा नाही यायची ना, बाई?" मी म्हटलं, कामाला लाग.

तू लिहिलंयस की नाताळला सफरचंदाची पाई पाठवतेस, लोण्यातली, मला चालेल अशी. तू मायाळू आहेस, मार्था, आणि तुझा हात चांगला आहे. पण तसं करू नकोस.

डुकराची कर. चरबीत मळ, गच्च भर. वर कोकरू बसव, टोपी घातलेलं, गालफडं वर आलेली, जमतील तेवढी कुरूप कर. चिठ्ठी घालू नकोस. मिसेस ग्रिमशॉ दारातून ओरडू दे, जेवणघरात सगळे ठसकू देत. मी खाणार नाही, तिच्या घरी देऊन टाकीन.

मला रागवायचंय गं. या नाताळला मला त्याच्यावर एकदा पोटभर रागवायचंय.

तुझी,
ताई